पूर सांगणारी मॉडेले, जमिनीबाबत गप्प

26 जुलै 2005 ची मुंबई हवामान खात्याच्या दफ्तरात दोन आकड्यांनी नोंदली गेली. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला 75 मिलिमीटरही नाही. शहरात खात्याच्या वेधशाळा या दोनच. विहार तलावावर 1,045 मिलिमीटर कोसळल्याचे नंतर समजले. अंधेरी, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली इथे कोणत्या तासाला किती पडला, हे सांगणारे यंत्र जागेवर नव्हते. पाणी कुठून आले, कुठे अडले आणि किती वेळ थांबले, याचा हिशेब पुढे लोकांच्या आठवणींवरून आणि भिंतींवरच्या ओल्या खुणांवरून जुळवावा लागला. राज्यभरात त्या पावसाने हजाराहून अधिक माणसे नेली.

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने मार्च 2006 मध्ये अहवाल दिला. नालेसफाई, अतिक्रमणे, नाल्यांची रुंदी याबद्दल त्यात बरेच आहे आणि वर्तमानपत्रांनी तेवढेच उचलले. त्याहून मोलाचा भाग मोजणीचा होता. शहराचा विचार वॉर्डांच्या हद्दींनी न करता नद्या-नाल्यांच्या पाणलोटांनी करा, जमिनीच्या चढउताराचे बारकाईचे नकाशे तयार करा आणि स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारा, असा तो आग्रह होता. पाणलोटाचे संगणकीय मॉडेल उभे करायला लागणारी सामग्री नेमकी हीच. 26 जुलैच्या त्या पुराला आता दोन दशके उलटली आहेत. एवढ्या काळात मुंबईच्या उपनगरांसाठी अशी मॉडेले किती झाली, ती काय सांगतात, कुणाच्या टेबलावर पोचतात आणि कुणाच्या टेबलावर पोचतच नाहीत, ते इथे पाहायचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. पाणी कधी येईल हे सांगण्यात आपण चांगली मजल मारली. जमिनीचे काय करायचे हे ठरवताना मात्र याच मॉडेलांना कुणी विचारत नाही, आणि त्यांचा खरा उपयोग तिथेच आहे.

उपनगरांची भूमी अशा अभ्यासासाठी जणू आखून दिलेली आहे. मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या, त्यांच्या कुशीत तुळशी आणि विहार, दक्षिणेला पवई. पश्चिमेकडे दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या बोरिवली, कांदिवली, गोरेगाव, जोगेश्वरीतून उतरून खाड्यांना मिळतात. विहार आणि पवईच्या सांडव्यांतून मिठी निघते. मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, कालिना, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी ओलांडून सुमारे 18 किलोमीटरनंतर ती माहीमच्या खाडीत शिरते. पूर्वेकडे मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपरचे नाले थेट ठाणे खाडीकडे धावतात. डोंगरावर पडलेला थेंब काही तासांत समुद्राला भेटतो, इतका हा पट्टा आखूड. म्हणूनच इथल्या पुराला आदल्या दिवसापासूनची चाहूल नसते. तो तासांत येतो, कधी मिनिटांत.

मिठीचे पाणलोट 7,295 हेक्टरचे. 944 मिलिमीटर पाऊस या सगळ्या क्षेत्रावर सारखा पडला असे धरले, तर 24 तासांत सुमारे 6,900 कोटी लिटर पाणी होते. विहार तलाव काठोकाठ भरला तर त्यात 2,770 कोटी लिटर मावते. म्हणजे अडीच विहार एका दिवसात एका नदीतून समुद्रात जायचे होते, आणि त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास समुद्राला जवळपास साडेचार मीटरची भरती होती. हा ढोबळ हिशेब शाळकरी मुलगाही मांडील. पण तो दिवसाचा हिशेब आहे. पूर ठरतो तो तासाच्या हिशेबाने. त्या दुपारी काही तास सलग तासाला 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत होता. कोणत्या तासाला कोणत्या पुलाखाली पाण्याची पातळी किती असेल, हे सांगायला मॉडेल लागते.

मॉडेल येण्याआधी एक सूत्र होते, आणि मुंबईच्या गटारांचा बराचसा संसार अजून त्याच सूत्रावर चालतो. पावसाचा जोर, क्षेत्रफळ आणि पडलेल्या पाण्यापैकी वाहून जाणारा हिस्सा यांचा गुणाकार केला की नाल्याने किती पाणी वाहून न्यायचे ते मिळते. आयर्लंडचे अभियंते मल्वनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मांडलेली ही रीत. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्माच वाहतो, या गृहीतावर बांधल्या गेल्या. निम्मा वाहतो, कारण उरलेला मातीत मुरतो. एक चौरस किलोमीटरसाठी हे गणित करून पाहा. सेकंदाला साधारण साडेतीन घनमीटर पाणी येते. याच जलवाहिन्यांवरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने गृहीत बदलले: तासाला 50 मिलिमीटर पाऊस आणि तो सगळाच वाहणार. तोच चौरस किलोमीटर आता सेकंदाला जवळपास 14 घनमीटर पाणी पाठवतो, म्हणजे चौपट. यातली निम्मी वाढ पावसाचा आकडा वाढवल्याने झाली. उरलेली वाढ झाली ती शहराने मुरायला माती ठेवली नाही म्हणून. ती जमिनीमुळे झालेली वाढ आहे, आणि तिची जबाबदारी ढगांवर टाकता येत नाही. ब्रिमस्टोवॅडने हा हिस्सा पूर्ण धरला, हे अभियंत्यांच्या दृष्टीने शहाणपणाचे होते. पण त्यात एक कबुलीही दडली होती: शहराची प्रत्येक इंच जमीन कधी ना कधी झाकली जाणार, हे आम्ही धरूनच चाललो आहोत.

हे सूत्र दोन गोष्टी पाहू शकत नाही. एक म्हणजे काळ. वरच्या भागातून आलेला लोंढा आणि खालच्या भागात पडलेला पाऊस एकाच वेळी एकत्र येतात की अर्ध्या तासाच्या फरकाने, यावर पुराची उंची ठरते. दुसरी गोष्ट खालची बाजू. नाल्याचे तोंड उघडे आहे असे सूत्र धरून चालते. मुंबईत ते अनेकदा बंद असते. महापालिकेच्या नोंदीनुसार शहरातल्या समुद्राकडे उघडणाऱ्या 186 पातमुखांपैकी 45 समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, 135 त्या पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वर असलेली फक्त 6. भरती चढली की समुद्र नाल्यात शिरतो आणि नाल्यातले पाणी मागे सरकत सरकत सबवेत उतरते. इर्ला, हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध ही उदंचन केंद्रे याच कारणाने बांधावी लागली. मोगरा आणि माहुलची केंद्रे मात्र वर्षानुवर्षे रखडली, आणि अंधेरी सबवेत दर पावसाळ्यात अडकलेल्या माणसाला त्याची किंमत ठाऊक आहे.

या दोन्ही गोष्टी हिशेबात घ्यायच्या तर पाणलोट, नदीपात्र, भूमिगत वाहिन्या आणि समुद्र यांना एका गणितात बांधावे लागते. जगात याची सुरुवात 1960 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रॉफर्ड आणि लिन्सली यांच्या पाणलोट मॉडेलने झाली. 1971 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने शहरी पावसाच्या पाण्यासाठी स्विम हे मॉडेल खुले केले. ते आजही फुकट मिळते. ब्रिटिश, डॅनिश आणि फ्रेंच संस्थांनी मिळून डोंगरापासून भूजलापर्यंत सगळे भौतिक नियमांनी बांधणारे मॉडेल तयार केले. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी पाऊस-प्रवाहासाठी हेक-एचएमएस आणि नदीसाठी हेक-रास अशी जोडी दिली. म्हणजे अवजारे केव्हाची हाताशी आहेत आणि त्यातली चांगली अवजारे महागही नाहीत. महाग आहे ती त्यांना लागणारी खरी माहिती.

या मॉडेलांचे आतले काम पाहू. संगणकात पाणलोटाचे लहान लहान तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्याला उतार, जमिनीचा वापर आणि मुरण्याची क्षमता दिली जाते. पाऊस घातला की तुकडा आपले पाणी खालच्याला देतो आणि शेवटी ते नाल्यात उतरते. नाल्यात पाणी किती वेगाने जाईल हे त्याच्या आडव्या छेदावर, उतारावर आणि पृष्ठभागाच्या खरखरीतपणावर ठरते. गुळगुळीत काँक्रीटला खरखरीतपणाचा आकडा 0.015 च्या आसपास धरतात. झुडपे, राडारोडा आणि प्लास्टिक साचलेल्या पात्राला 0.04 किंवा त्याहूनही जास्त. तेच पात्र, तोच उतार, तीच खोली. फक्त हा आकडा तिप्पट झाला की वाहून नेण्याची क्षमता एक तृतीयांश राहते. आता यात कुर्ल्यातल्या एका मोरीच्या तोंडाशी अडकलेली गादी घाला. मॉडेलमध्ये ती नाही. पुराच्या रात्री ती आहे. शहरी पुराच्या गणितात नेमका इथेच घोटाळा होतो, आणि म्हणून नाल्याची सफाई व नाल्याचे मॉडेल ही दोन वेगळ्या खात्यांची कामे समजणे चूक आहे.

उंचीचा प्रश्न याहून बिकट. उपग्रहावरून फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशात एक चौकट तीस मीटरची आणि उंचीतली चूक काही मीटरची. डोंगरी नदीसाठी ते चालून जाते. सखल भागात रस्ता आणि दुकानाचा उंबरा यांत वीतभर फरक असतो आणि पाणी घरात शिरते की नाही हे तेवढ्यावर ठरते. तिथे विमानातून लेसरने केलेली मोजणीच लागते. तीही रस्त्यांचे काँक्रिटीकरण झाले, थरांवर थर चढले की पुन्हा करावी लागते. रस्ता वर आला आणि चाळ खाली गेली, हे उपनगरातल्या कोणत्याही जुन्या वस्तीत उभे राहून दिसते. जुन्या नकाशावर चालणाऱ्या संगणकाला ते दिसत नाही.

पवईच्या आयआयटीत या प्रश्नावर सातत्याने काम झाले. प्रा. कपिल गुप्ता यांचा भर मोजणीवर राहिला. 2006 च्या पावसाळ्यापासून महापालिकेच्या अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आणि दर 15 मिनिटांचा पाऊस आपत्ती व्यवस्थापन कक्षात दिसू लागला. हे यंत्र दिसायला साधे असते. नसराळ्याखाली तराजूसारख्या दोन छोट्या वाट्या. एक भरली की कलंडते, दुसरी पुढे येते, आणि प्रत्येक कलंडण्याला ठरावीक पाऊस नोंदला जातो, बऱ्याच यंत्रांत 0.2 मिलिमीटर. तासाला 100 मिलिमीटर पाऊस असेल तर वाटी तासात पाचशेदा, म्हणजे दर सात सेकंदांना कलंडते. कलंडतानाच्या क्षणी पडणारे थोडे पाणी हिशेबातून निसटते, म्हणून पाऊस जितका जोराचा तितकी नोंद कमी पडण्याचा धोका जास्त. ती दुरुस्ती करावी लागते. गच्चीवरच्या झाडाची पाने नसराळ्यात अडकली तर सगळाच हिशेब कोलमडतो. शहराचे सर्वांत महागडे मॉडेल शेवटी या वाटीवर आणि ती साफ ठेवणाऱ्या माणसावर उभे आहे. 2010 मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शहरी पुरांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यामागे मुंबईचा हा अनुभव होता.

त्याच आयआयटीत प्रा. टी. आय. एल्डो आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने काम केले. आधी नवी मुंबईत. तिथे सिडकोने भरतीचे दरवाजे असलेले धारण तलाव नियोजनातच ठेवले होते, त्यामुळे तलाव आणि दरवाजा यांचा पुरावर काय परिणाम होतो हे कळंबोलीच्या पाणलोटात तपासता आले. मग ते मुंबईत ओशिवरा आणि पोयसर या नद्यांकडे वळले. या दोन अभ्यासांना मी या सगळ्या आढाव्यात सर्वांत वरचे स्थान देतो, कारण त्यांनी जमिनीला थेट प्रश्न विचारला. 1966 चा भूवापर आणि 2009 चा भूवापर हे दोन्ही एकाच मॉडेलमध्ये घातले, वर तोच पाऊस पाडला आणि पुराचा फरक मोजला. पाऊस न बदलता पूर किती बदलला, तो फरक निखळ जमिनीचा. बांधकाम वाढले, मोकळी जागा आटली, पूर वाढला, ही दिशा अपेक्षितच होती. अशा अभ्यासांतून जगभर पुन्हा पुन्हा दिसणारी एक गोष्ट मात्र आपल्या लक्षात राहायला हवी: जमीन झाकल्याचा परिणाम महाप्रलयात तुलनेने कमी आणि दर वर्षा-दोन वर्षांनी पडणाऱ्या पावसात जास्त दिसतो. महाप्रलयात माती तशीही तुडुंब होऊन जाते आणि सगळेच पाणी वाहते. साध्या जोराच्या पावसात मात्र मातीने पूर्वी जे सहज गिळले असते ते आता रस्त्यावर येते. गोरेगाव-अंधेरीच्या रहिवाशाला 26 जुलैसारखा दिवस आयुष्यात एकदा भेटतो; गुडघाभर पाणी दर वर्षी. त्या गुडघाभर पाण्याचे मूळ जमिनीत आहे. पोयसरच्या अभ्यासात धारण तलावांनी पूर किती उतरेल हेही तपासले गेले. तलावांसाठी लागते ती जागा, आणि जागेचा निर्णय पर्जन्य जलवाहिन्या खाते घेत नाही.

परदेशी संशोधकांनी भारतीय सहकाऱ्यांसह मिठीच्या पाणलोटावर केलेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. निकोला रेंजर आणि स्टेफान हॅलगाट यांच्या या कामात हवामानबदल, पूर आणि आर्थिक नुकसान यांची सांगड होती. हवामानबदलाची वरची मर्यादा गाठली गेली तर 2080 च्या दशकापर्यंत 2005 सारख्या घटनेची शक्यता दुपटीहून जास्त होऊ शकते आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे नुकसान तिप्पट होऊ शकते, असे त्यांनी दाखवले. पाण्याचा निचरा सुधारला तर आजच्या तशा पुराचे नुकसान 70 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, हा त्यातला दुसरा निष्कर्ष. पहिला आकडा सगळीकडे छापला गेला. दुसऱ्याची चर्चा फार कमी झाली, आणि तीच जास्त व्हायला हवी होती.

यानंतरचे मोठे पाऊल 12 जून 2020 रोजी पडले. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने महापालिकेच्या साथीने उभारलेली आय-फ्लोज मुंबई ही प्रणाली तत्कालीन केंद्रीय मंत्री हर्षवर्धन आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी सुरू केली. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने मिठी, दहिसर, ओशिवरा, पोयसर आणि उल्हास या नद्यांची, तलावांची आणि खाड्यांची खोली प्रत्यक्ष मोजली. पावसासाठी हवामान खाते, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि महापालिका यांची मिळून 165 केंद्रे. प्रणालीचे सात भाग आहेत: माहिती एकत्र करणे, पूर, पाणी साचण्याचे क्षेत्र, कोण किती असुरक्षित, धोका, संदेश पोचवणे आणि निर्णयाला साह्य. समुद्राची भरती आणि वादळी लाट मोजणारे मॉडेल त्यातच गुंफले आहे. सहा ते 72 तास आधी अंदाज देण्याची तिची रचना आहे. देशातल्या शहरांत याच्या तोडीची प्रणाली बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती उभी करणाऱ्यांचे ऋण मुंबईकरांनी मानायला हवे. जानेवारी 2022 मध्ये अंधेरी-जोगेश्वरीच्या सीमेवर वेरावलीला दुसरे डॉप्लर रडार सुरू झाले, तेव्हा कुलाब्याच्या रडारवर एकट्याने पडणारा भारही हलका झाला. आयआयटीच्या प्रा. सुबिमल घोष यांच्या गटाने गल्लीबोळातला अंदाज आणि लोकांनी कळवलेले पाणी एकत्र दाखवणारे ॲप काढले. माझ्या मते लोकांकडून आलेली ही नोंद पुढच्या मॉडेलांचा सर्वांत मोठा आधार ठरेल, कारण संगणकाने काढलेली पातळी खरी की खोटी हे तपासायला प्रत्यक्ष पातळी लागते आणि नाल्यांवर पातळीमापक फार थोडे आहेत.

इथे शास्त्रातली एक अडचण आहे. ब्रिटिश जलवैज्ञानिक कीथ बेव्हन यांनी तिच्याकडे सतत लक्ष वेधले. मॉडेलमधल्या आकड्यांचे अनेक वेगवेगळे संच मागच्या पुराशी सारखेच जुळतात. जुळले म्हणून ते बरोबर ठरत नाहीत. एकाच नाक्यावरची पातळी जुळवली तर मधल्या वस्तीत काय घडते याबद्दल दोन मॉडेले दोन गोष्टी सांगू शकतात. उपाय एकच, मोजणीची ठिकाणे वाढवणे आणि अंदाज एका आकड्यात न देता शक्यतेसह देणे. 8 जुलै 2024 च्या पहाटे सहा तासांत काही भागांत 300 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. 26 मे 2025 ला पावसाळा इतक्या लवकर आला की कुलाब्यात मे महिन्याचा विक्रम मोडला. ऑगस्ट 2025 मध्ये मिठी चढली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधली कुटुंबे हलवावी लागली. या प्रत्येक दिवशी कुठे किती पाणी चढले आणि अंदाज काय होता, हे शेजारी शेजारी मांडून जाहीर व्हायला हवे. मॉडेल सुधारते ते अशा तुलनेतून.

माहिती खरी नसेल तर हे सारे कोसळते. मिठीतला गाळ काढण्याच्या कंत्राटांत सुमारे 65 कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे 2025 मध्ये गुन्हा नोंदवला. न्यायालयात त्याचे जे व्हायचे ते होईल. या लेखाच्या दृष्टीने त्यातली भयंकर गोष्ट पैशांपलीकडची आहे. कागदावर गाळ निघाला आणि पात्रात तो राहिला, तर मॉडेलमध्ये नदी मीटरभर खोल असते आणि कुर्ल्यात ती उथळ असते. संगणक मग प्रामाणिकपणे चुकीची पातळी सांगतो. पावसाळ्याआधी आणि नंतर नदीचे आडवे छेद तिसऱ्या, स्वतंत्र यंत्रणेने मोजून लोकांसमोर ठेवावेत. हा खर्च कंत्राटाच्या रकमेपुढे किरकोळ आहे.

राज्यात याहून जुना अनुभव कृष्णा आणि भीमेच्या खोऱ्यांचा आहे. जागतिक बँकेच्या साह्याने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात जलसंपदा विभागाने डॅनिश संस्थेच्या मदतीने या दोन खोऱ्यांसाठी प्रवाहाचा अंदाज आणि धरणांचे संचालन एकत्र पाहणारी प्रणाली उभारली. रूरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने नियोजनासाठी केलेल्या मॉडेलचा प्रायोगिक अभ्यास ऊर्ध्व भीमा खोऱ्यात झाला. तिथे पृष्ठजल, भूजल, दुष्काळ आणि पाण्याचा दर्जा एकत्र तोलायचा होता. खोऱ्याला हाताळायला दरवाजे असतात: कोयनेतून किती सोडायचे, खडकवासल्यातून केव्हा सोडायचे. म्हणून मॉडेलचा निर्णयाशी थेट धागा जुळतो. तरीही 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, आणि नंदकुमार वडनेरे समितीला पूररेषेच्या आतल्या बांधकामांकडेच बोट दाखवावे लागले. राज्यात 25 वर्षांच्या पुराची निळी आणि 100 वर्षांच्या पुराची लाल अशा दोन रेषा आखायची पद्धत आहे. धरणाचे दरवाजे हाताशी असूनही जिथे जमीन आवरली नाही तिथे पूर आवरला नाही. मुंबईच्या नद्यांना तर दरवाजेही नाहीत. इथे एकच दरवाजा आहे, तो जमीनवापराच्या परवानगीचा.

आणि तो कुणाच्या हाती आहे? मिठीचा वरचा भाग महापालिकेकडे आणि वांद्रे-कुर्ला संकुलाजवळचा सुमारे सहा किलोमीटरचा पट्टा एमएमआरडीएकडे राहिला. उगमाकडचा डोंगर वनखात्याचा, आरेची जमीन दुग्धविकास खात्याची, मधली धावपट्टी विमानतळाची, पूल रेल्वेचे. विमानतळापाशी नदीला काटकोनात वळवले आहे. ऑगस्ट 2005 मध्ये मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, नदी रुंद झाली, खोल झाली, दोन्ही तीरांना भिंती आल्या. भिंतींनी काठच्या वस्तीला आडोसा दिला हे खरे. पण नदीला पसरायला उरलेली जागाही त्यांनी तोडली, आणि वर वेग वाढला की खाली पाणी लवकर पोचते. खालच्या वस्तीवर त्याचा किती भार पडला हे मॉडेल सहज सांगू शकते.

इमारतीला परवानगी देताना पर्जन्य जलवाहिन्या खात्याचा शेरा घ्यावा लागतो. तो त्या एका भूखंडापुरता असतो: पाणी कोणत्या वाहिनीला जोडणार, वाहिनी किती रुंद. 2002 पासून मोठ्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, पुढे लहान भूखंडही त्यात आले. प्रत्येक भूखंड आपापल्या जागी नियमात बसतो. एका नाल्याच्या पाणलोटात दहा वर्षांत पुनर्विकासाचे दोनशे प्रकल्प झाले, तळघरात वाहनतळ आले, अंगणे काँक्रीटची झाली, तर नाल्याच्या तोंडाशी एकूण किती भर पडली, याचा हिशेब ही रीत करतच नाही. 2018 मध्ये मंजूर झालेला विकास आराखडा 2034 पर्यंतचा आहे. त्यातल्या चटईक्षेत्राच्या प्रत्येक वाढीला पाण्याचा एक आकडा जोडता येतो. ओशिवऱ्यात 1966 आणि 2009 ची तुलना ज्या मॉडेलने केली, त्याच मॉडेलमध्ये 2034 घालायचे आहे.

डोंगरउतारांचीही हीच गोष्ट. 12 जुलै 2000 ला घाटकोपरच्या आझादनगरात, 26 जुलै 2005 ला साकीनाक्याला, 18 जुलै 2021 ला माहुलच्या भारतनगरात आणि विक्रोळीत दरडींनी माणसे गाडली. त्याच 18 जुलैला भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पावसाचे पाणी शिरले आणि शहराच्या बहुतेक भागाचा पाणीपुरवठा थांबला. उतार, पूर आणि नळाचे पाणी ही तीन खाती असतील. त्या पहाटे ते एकच पाणी होते. पुराच्या मॉडेलमध्ये उताराच्या मातीतला ओलावा आधीच मोजला जातो. दरडीचा इशारा त्यातून काढणे ही मोठी उडी नाही.

आता मुलुंडकडे वळतो, कारण ताजी परीक्षा तिथे आहे. 2024 मध्ये धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडच्या मिठागरांची मिळून 255.9 एकर जमीन देण्याचे ठरले. त्यात मुलुंडचा वाटा 58.5 एकर. धारावीकरांना चांगले घर मिळावे याबद्दल दुमत असायचे कारण नाही. प्रश्न आज या मिठागरांत साठणाऱ्या पाण्याचा आहे. या एवढ्या जमिनीवर फूटभर पाणी उभे राहिले तर ते 31 कोटी लिटरहून जास्त होते. मिलन सबवेचे पाणी उतरवायला सांताक्रूझला बांधलेली भूमिगत टाकी याच्या पासंगालाही पुरणार नाही. उलट बाजूही मांडतो: भर पावसात मिठागरे स्वतःच भरलेली असतात, खाडीच्या भरतीचे पाणी त्यांत ये-जा करते, त्यामुळे ऐन पुराच्या तासाला तिथे नेमकी किती जागा रिकामी असते हे नुसत्या गुणाकाराने कळत नाही. भराव किती उंच टाकणार यावर सगळे अवलंबून आहे. तिथे किती पाणी मावते याचा प्रकल्पाच्या विरोधकांचा आकडा फुगवलेला असू शकतो आणि समर्थकांचा शून्यही खोटा असू शकतो. हा वाद मोर्च्यांनी आणि पत्रकार परिषदांनी मिटणारा नाही. तो मॉडेलने मिटू शकतो, निदान निम्मा.

त्यासाठी आणखी एखादी समिती नको. नाल्यांचे छेद, भरावाची प्रस्तावित उंची, ठाणे खाडीची भरती आणि तासाला 50, 75 व 100 मिलिमीटर असे तीन पाऊस एकत्र घालून दोन चित्रे काढायची: मिठागर आहे तसे आणि मिठागरावर इमारती. मुलुंड पूर्वेच्या नाल्यांत, भांडुपच्या रेल्वेरुळांवर आणि पूर्व द्रुतगती मार्गाखालच्या मोऱ्यांत पातळी किती सेंटीमीटरने बदलते, तो तक्ता मराठीत छापून टी आणि एस वॉर्डांच्या कार्यालयांत लावावा. त्यासोबत मॉडेलची गृहीते आणि आकडेही खुले असावेत, म्हणजे पवईतले किंवा कुठलेही दुसरे संशोधक तेच गणित पुन्हा करून पाहू शकतील. आणि हा तक्ता भरावाचा पहिला ट्रक मिठागरात शिरण्याआधी लागायला हवा.